खळ आधी, कात्री नंतर

जुन्या लुगड्यांच्या आणि सुती साड्यांच्या जुनेरातून चौकोन कापून त्यांची गोधडी जोडण्याचा उद्योग ज्यांनी आरंभिला आहे, त्यांच्या हाती आजकाल खळीचा फवारा सहज येतो, आणि वापराने झिजून मऊ झालेले, कात्रीखाली निसटणारे कापड त्या फवाऱ्याने पाहता पाहता ताठ व आज्ञाधारक होते, याचा आनंद मीही मनमुराद घेतला आहे. परंतु त्याच खळीने केलेले नुकसानही मला सोसावे लागले असल्यामुळे, हे काम नव्याने शिकणाऱ्यांना काही गोष्टी वेळीच सांगणे मला अगत्याचे वाटते.

सर्वांत घातक प्रकार म्हणजे आधी तुकडे कापून मग त्यांना खळ देणे. सुती धागा ओला झाला की फुगतो, विणताना त्यात भरलेला ताण सैल पडतो आणि वाळताना कापड आकसते. हे आकसणे उभ्या व आडव्या धाग्यांत समप्रमाण नसते, त्यामुळे चौकोन चौकोन राहत नाही. माझ्या एका गोधडीत, शिवून सहा इंच भरावेत म्हणून चहूकडे पाव इंच माया धरून साडेसहा इंची तुकडे बिनचूक कापले असताना, फवाऱ्यानंतर प्रत्येक तुकडा सुमारे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, उणा भरला. एका तुकड्यात एवढा फरक कोणाच्या खिजगणतीतही येणार नाही. पण बारा तुकड्यांच्या ओळीत त्याची दीड इंच तूट झाली, आणि खळ न दिलेल्या शेजारच्या ओळीशी ती जुळवताना गोधडीला ठिकठिकाणी झोळ आला, जो उसवण्यावाचून गेला नाही. यास्तव कोरे कापड असल्यास ते आधी धुऊन त्यातील मागावरची खळ आणि सुटणारा रंग काढून टाकावा, मग इस्त्री, मग फवारा, पुन्हा इस्त्री, आणि कापड निवल्यावरच कात्री, हाच शिरस्ता ठेवावा.

फवारा उलट्या बाजूने मारावा आणि खळ धाग्यांत मुरेपर्यंत धीर धरावा. ती वरच्यावर असतानाच इस्त्री फिरवली, तर गडद कापडावर पांढरे पापुद्रे धरतात आणि इस्त्रीच्या तळाला करपलेला थर चिकटतो. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात केव्हाही बरे. इस्त्री सरकवू नये, दाबून उचलावी. विशेषतः त्रिकोणांची उरेब बाजू नुसत्या ओढीनेही लांबते, आणि खळीचा खरा उपयोगही तिथेच आहे. डब्यातला फवारा बहुधा ज्वालाग्राही वायूच्या दाबावर चालतो, म्हणून तो चुलीजवळ किंवा तापलेल्या इस्त्रीवर कदापि मारू नये. खळ घरी करायची असल्यास एक मोठा चमचा मक्याचे सत्त्व (कॉर्नफ्लोअर) गार पाण्यात कालवून दोन पेले उकळत्या पाण्यात ढवळावे, शिजून पारदर्शक झाले की निववून तलम फडक्याने गाळावे; न गाळल्यास फवाऱ्याचे तोंड बुजते, आणि थोड्याच दिवसांत ही खळ आंबते, तेव्हा साठा करू नये.

परंतु ज्या हानीची भरपाई होत नाही ती साठवणीत आहे. खळ हा पिष्टमय पदार्थ, म्हणजे कसर आणि झुरळे यांचे अन्न. त्यात पावसाळ्याचा दमटपणा मिळाला की बुरशीचीही तजवीज होते. आईच्या लुगड्याचे खळ दिलेले तुकडे मी पुढच्या कामासाठी ट्रंकेत नीट घड्या घालून ठेवले होते. पावसाळा सरल्यावर ते काढले, तेव्हा घड्यांच्या कडा कसरीने खाऊन टाकल्या होत्या आणि मधल्या भागावर बुरशीचे काळे ठिपके होते. खळ न दिलेले त्याच लुगड्याचे उरलेले कापड त्याच ट्रंकेत जसेच्या तसे राहिले होते. तेव्हापासून जेवढे लवकर शिवून होणार असेल तेवढ्याच कापडाला मी खळ देते. कापलेले तुकडे खळ काढण्यासाठी धुवावेत, तर कडांचे धागे सुटून माया नाहीशी होते, म्हणून ते उरूच देऊ नयेत हे बरे. गोधडी पुरी झाली की मात्र ती साध्या पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, खळ निघाल्याची खात्री करून आणि आतल्या थरापर्यंत खडखडीत वाळवूनच पेटीत ठेवावी.