जुन्या वळणाची चोळी शिवताना

खणाची जुन्या वळणाची चोळी शिवायची म्हणतेस ना, मग आधी ती लेस आणि मोत्यांची पिशवी उचलून ठेव. बाजारात ‘विंटेज’ म्हणून टांगलेले ब्लाउज बघ. बेत आजचाच, वरून नुसती झालर आणि चकचकीत बटणं. कपड्याचं जुनेपण बेतण्यात असतं, सजवण्यात नाही.

बेत कळायला बघायचं कुठे? सगळ्या रविवर्म्याच्या चित्रांकडे धावतात. चित्रं देखणीच आहेत, पण चित्रकार चुण्या त्याला हव्या तशा पाडतो आणि शिवण कुठे आहे हे दाखवायचं त्याच्यावर बंधन नसतं. त्यापेक्षा तारीख ठाऊक असलेला फोटो शोध. आनंदीबाई जोशींचा फिलाडेल्फियातला १० ऑक्टोबर १८८५चा फोटो आहे, शेजारी किमोनोतली जपानची ओकामी आणि सीरियाची इस्लामबूली. तसे फोटो भिंग घेऊन बघायचे. बाही कुठे संपते, गळा किती उंच आहे, कापड कुठे ताणलंय, तेवढंच बघ, दागिन्यांत अडकू नकोस. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैयांनी ‘आम्रपाली’चे कपडे अजिंठ्याच्या चित्रांवरून केले होते. पण त्यांना १९८३ मध्ये ऑस्कर मिळालं ते ‘गांधी’साठी, आणि त्यात बहुतेक पात्रं साध्या सुती कपड्यांत आहेत. मला ते जास्त अवघड काम वाटतं.

आता कापड. खरा खण गुळेदगुड्डचा, रेशीम आणि सूत मिळून विणलेला. दुकानात ‘खण’ म्हणून हल्ली बरंचसं पॉलिस्टर येतं. काठाकडचे उभे-आडवे दोन धागे ओढून काढ आणि काडी लावून बघ. सूत कागदासारखं जळून राख होतं, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, पॉलिस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे. मग ओलं पांढरं फडकं कोपऱ्यावर दाबून रंग जातो का बघ. अस्तराचं सुती कापड रात्रभर पाण्यात घालून, वाळवून, इस्त्री करूनच बेतायला घे. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचा खण फुगून बसतो.

बेतताना एक ध्यानात धर. खण अरुंद आणि महाग, म्हणून जुन्या बायका कापड वाया घालवत नसत. चौकोन आणि त्रिकोणांतच चोळी बसवायच्या, आणि खणाचे काठ बाहीच्या टोकाला आणि खालच्या कडेला येतील असे तुकडे लावायच्या. आजच्यासारखा खोल गोल मुंढा कापलास की तो डौल तिथेच गेला. सरळ बाही लाव आणि काखेत चौबगला घाल.

हा चौबगलाच हल्लीच्या शिंपीणबायका टाळतात, कारण त्याला वेळ लागतो. तुझ्या मापाला तयार तीन इंचांचा चौकोन पुरे, म्हणजे चहूबाजूंनी अर्धा इंच माया धरून चार इंचांचा काप. त्याचं एक टोक बाहीकडे, समोरचं कमरेकडे. असा कर्णात बसला की हात वर करताना ताण उरेबवर येतो आणि कापड सैल सुटतं. चोळी वर चढत नाही, काखेत फाटतही नाही. शिवताना प्रत्येक बाजूची टीप कोपऱ्याच्या अर्धा इंच अलीकडे थांबव, सुई कापडात ठेवून वळू नकोस, दोरा तोडून पुढची बाजू नव्याने सुरू कर. कोपऱ्यावरून टीप गेली की तिथे चुणी पडते आणि ती इस्त्रीनेही जात नाही. आधी मांजरपाटाची एक चोळी शिवून घालून बघ. डबा फडताळावर ठेवता येतो का, केस बांधता येतात का, हे बघून मगच खणाला कात्री लाव.

बाजूच्या शिवणीत एक इंच माया सोड. अंग बदलतं, बाई. पुढे गाठ मार, हवं तर आतून हुक लाव, पण चेन नको. आजच्या धर्तीची चेन १९१३च्या सुमारास आली, १८८५च्या चोळीत ती कुठून येणार? मशीनला मात्र बिचकू नकोस. हातानेच शिवलं तर अस्सल, असा हट्ट धरणारे भेटतील. सिंगरचं पेटंट १८५१चं आहे म्हणावं. दिसणारी कड तेवढी हाताने दुमडून घाल, बाकी सरळ टीप मार.

राहिली आजीची चोळी. ती मापासाठी उसवू नकोस. पांढऱ्या चादरीवर पसर, वर पातळ कागद ठेव, शिवणी पेन्सिलीने उमटवून घे आणि टेपने ताडून बघ. कागद हलू नये म्हणून कडेला पुस्तकं ठेव, टाचण्या टोचू नकोस. पुन्हा ठेवताना धुतलेल्या सुती कापडात गुंडाळ, डांबरगोळी जरीला टेकू देऊ नकोस, आणि दिवाळी-पाडव्याला काढून घडी बदल. एकाच घडीवर राहिलं की रेशीम तिथेच चिरतं. आणि हौसेने ती अंगात घालू नकोस, जुन्या रेशमाला घाम सोसत नाही. लग्नाला घालायची ती तू शिवलेली.