मिठाची बरणी आणि बाळाची ग्रंथी

चि. मुक्ता,


प्लॅस्टिकच्या बाटल्या, फवारणीच्या भाज्या, घराला दिलेला नवा रंग, यांनी बाळाच्या थायरॉइडला काही होईल का, असं तू फोनवर विचारलंस. तुझी भीती निराधार नाही. पण तिचं टोक कुठे आहे ते नीट बघ.

तुला नववा आठवडा आहे. बाळाची ही ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याला कामाला लागते, आणि तिचं काम जोर धरायला विसावा उजाडतो. तोवर त्याच्या मेंदूला लागणारं थायरॉक्सिन हे संप्रेरक तुझ्याकडूनच जातं. म्हणून सध्या तुझीच ग्रंथी सांभाळायची.

परक्लोरेट या रसायनाचंच घे. रॉकेटच्या इंधनात आणि फटाक्यांत ते वापरतात. केरळात अलुव्याजवळच्या विहिरींच्या पाण्यातही ते सापडलं आहे. ग्रंथीच्या पेशी ज्या वाटेनं आयोडिन आत घेतात, तीच वाट ते अडवतं. तंबाखूच्या धुरातून येणारं थायोसायनेटही तेच करतं. अंगात आयोडिन पुरेसं असेल तर ही अडवणूक बरीचशी निभावून जाते, मुळातच तुटवडा असेल तर ती बाधते. प्लॅस्टिकमधल्या थॅलेट्सबद्दल अभ्यासांचं अजून एकमत नाही, तरी गरम वरण-भात प्लॅस्टिकच्या डब्यात भरू नकोस.

सासूबाईंनी पथ्य म्हणून सैंधव सुरू केलंय ना? त्यांची माया मला कळते, पण सैंधवात सहसा पुरेसं आयोडिन नसतं. एरवी दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं, गरोदरपणी २५० लागतं. त्यांना समजावून सांग आणि पुडीवर 'आयोडिनयुक्त' लिहिलेलं मीठ आण. ते घट्ट झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून लांब ठेव आणि आमटी उतरवताना घाल. समुद्री शेवाळाच्या गोळ्या मात्र मनानं घेऊ नकोस. आयोडिन फार झालं तरी बाळाची ग्रंथी मंदावते. याच आठवड्यात टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घे. आणि घरात कुणी सिगारेट ओढत असेल, तर भीड न धरता बंद करायला सांग.

बाळंतपणानंतर घरी जायच्या घाईत एक तपासणी राहून जाते. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन टीएसएच बघतात. साधारण हजारात एखाद्या बाळाची ग्रंथी जन्मतःच नीट चालत नाही, आणि ते चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली तर असं मूल बहुधा इतरांसारखंच वाढतं. बाळंतपणासाठी नाव नोंदवायला जाशील तेव्हाच डॉक्टरांना हे विचारून ठेव.

तुझी,
मावशी