कादंबरीतील क्रांतिकारक : वीर की नुसते बंडखोर?



एखादी कादंबरी वाचताना तुम्ही कधी रात्री उशिरापर्यंत जागला आहात का? कथेतला तरुण हातात झेंडा घेऊन उभा आहे, समोरून बंदुका रोखलेल्या आहेत, तरी तो मागे हटत नाही. पुस्तक मिटल्यावर आपल्याला वाटते, 'मी तिथे असतो तर मीही असाच उभा राहिलो असतो!' तो तरुण आपला वीर होतो.

पण तो तरुण खरा नाही, त्याला लेखकाने घडवले आहे. मग त्याला वीर मानावे का? आणि मानायचे, तर कोणत्या गोष्टीसाठी? आज आपण दोन कादंबऱ्यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करू. एक फ्रेंच आहे, दुसरी इंग्रजी. या दोन्ही भाषा तुम्ही शाळेत शिकता, म्हणून पुढे ही पुस्तके तुम्हाला मुळातून वाचता येतील.

पहिली कादंबरी व्हिक्तोर ह्युगो यांची 'ले मिझेराब्ल'. ती १८६२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ५ आणि ६ जून १८३२ रोजी पॅरिसमध्ये झालेल्या उठावाचे वर्णन आहे. हा उठाव खरोखर झाला होता. त्या वर्षी शहरात पटकीची साथ होती. लोकांचे आवडते सेनापती लामार्क त्याच रोगाने वारले. त्यांच्या अंत्ययात्रेतून राजाविरुद्ध उठाव सुरू झाला. गाड्या, पिंपे आणि रस्त्यातले दगड रचून लोकांनी गल्लीबोळांत बॅरिकेड उभारले. ह्युगो त्या वेळी पॅरिसमध्येच होते. गोळीबार चालू असताना ते स्वतः रस्त्यात सापडले होते.

कादंबरीतल्या बॅरिकेडचा नायक आहे आंझोलरास. तो बावीस वर्षांचा, देखणा, श्रीमंत घरातला एकुलता मुलगा. त्याला प्रजासत्ताक हवे आहे, त्यापलीकडे त्याला काही सुचत नाही. सगळे वाचक त्याच्यावर लुब्ध होतात. पण ह्युगोंनी त्याच्या हातून काय काय घडवले, ते नीट पाहा.

बॅरिकेडवरचा एक माणूस समोरच्या घराचे दार ठोठावतो. म्हातारा दरवान दार उघडायला नकार देतो. तो माणूस दरवानाला गोळी घालून ठार करतो. तेव्हा आंझोलरास आपल्याच बाजूच्या त्या माणसाला गुडघे टेकायला लावतो, विचार करायला एक मिनिट देतो आणि त्याला गोळी घालतो. क्रांतीच्या नावाखाली निरपराध माणसाचा खून त्याला चालत नाही. मात्र स्वतःच्या हातून घडलेले कृत्यही भयंकर आहे, हे तो सर्वांसमोर कबूल करतो आणि स्वतःलाही शिक्षेस पात्र ठरवतो.

पुढे एक तरुण तोफखान्याचा हवालदार समोर येतो. मित्र म्हणतो, हा तुझा भाऊ असू शकला असता. आंझोलरास उत्तर देतो की तो भाऊच आहे. तरीही तो गोळी झाडतो, आणि त्याच्या गालावरून एक अश्रू ओघळतो.

आता दुसरी बाजू पाहा. गाव्रोश हा रस्त्यावर वाढलेला लहान मुलगा. तू लहान आहेस, कोणाला दिसणार नाहीस, म्हणून बाहेर काय चालले आहे ते पाहून ये, असे आंझोलरास त्याला सांगतो. त्या मुलाला कायमचे घरी पाठवावे, असे त्याच्या मनात येत नाही. पुढे बॅरिकेडबाहेर पडलेली काडतुसे गोळा करताना गाव्रोश मारला जातो. ज्या लोकांसाठी हे तरुण लढतात, त्यांतले बहुतेकजण दारे लावून घरात बसून राहतात. शेवटी आश्रयासाठी दारे ठोठावली, तरी ती उघडत नाहीत. आंझोलरास स्वतः गोळ्यांना छाती देऊन मरतो.

दुसरी कादंबरी चार्ल्स डिकन्स यांची 'अ टेल ऑफ टू सिटीज'. ती १८५९ साली आली आणि १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीविषयी आहे. तिच्यात मादाम दफार्ज नावाची स्त्री आहे. नवऱ्याच्या दारूच्या दुकानात ती शांतपणे विणकाम करत बसते. त्या विणकामात ती मारायच्या माणसांची नावे खुणांनी गुंफत असते.

ती इतकी कठोर का झाली? दोन उमराव भावांनी तिच्या बहिणीवर अत्याचार केला. त्यात तिची बहीण, मेहुणा, भाऊ आणि वडील सगळे गेले. तिचा राग खरा आहे, आणि वाचकाला तो पटतो. पण क्रांती यशस्वी झाल्यावर ती तिथे थांबत नाही. त्या घराण्याचा वारस चार्ल्स डार्ने याने आपली जहागीर स्वतःहून सोडलेली असते, तरी त्याला मारायचे ती ठरवते. त्याची पत्नी आणि लहान मुलगीही तिला नको असतात. कुठेतरी थांबायला हवे, असे तिचा नवरा सुचवतो, पण ती ऐकत नाही.

दोघांचीही बाजू अन्यायाविरुद्धची आहे. दोघेही धाडसी आहेत. मग आपल्याला एक आवडतो आणि दुसरीची भीती का वाटते? आंझोलरास हिंसा करतो, पण तिची किंमत स्वतः मोजायला तयार असतो, आणि समोरचा माणूस माणूसच आहे हे विसरत नाही. मादाम दफार्जला समोर माणूस दिसेनासा होतो. तिला फक्त नाव दिसते. म्हणून दुःखाबद्दल आपण तिला सहानुभूती देऊ, पण मान देणार नाही. आंझोलरासला मान देऊ, पण गाव्रोशचा हिशेबही विचारू.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कादंबरीत कोण सुंदर दिसावा, कोणाच्या गालावर अश्रू यावा, हे लेखक ठरवतो. पुस्तकातले मृत पुस्तकातच राहतात. पॅरिसच्या खऱ्या उठावात मात्र दोन्ही बाजूंची मिळून दीडशेहून अधिक माणसे मेली. त्यांच्या घरी कोणीतरी वाट पाहत होते.

आपल्या बेटाचा इतिहासही हेच शिकवतो. मॉरिशस तेव्हा 'इल द फ्रान्स' होते. १७९४ साली पॅरिसच्या क्रांतिकारी सभेने गुलामगिरी रद्द केली. इथल्या वसाहतवाल्यांनी क्रांतीचा जयजयकार केला होता, त्यांच्या सभा भरत होत्या. पण १७९६ साली तो हुकूम अमलात आणायला फ्रान्सहून प्रतिनिधी आले, तेव्हा त्यांना परत हाकलून देण्यात आले. स्वातंत्र्य हवे होते, पण फक्त स्वतःसाठी! गुलामगिरी रद्द व्हायला इंग्रजांच्या अमलात १ फेब्रुवारी १८३५ चा दिवस उजाडावा लागला. त्या दिवसाची सुट्टी तुम्हाला दरवर्षी मिळते. म्हणून कोणी स्वतःला क्रांतिकारक म्हणवले, एवढ्याने तो वीर ठरत नाही.

'ले मिझेराब्ल'मध्ये आणखी एक माणूस बॅरिकेडवर असतो. तो म्हणजे झाँ वाल्झाँ. त्याला आयुष्यभर छळणारा पोलीस अधिकारी झावेर तिथे कैदी होऊन पडलेला असतो. त्याला गोळी घालण्याचे काम वाल्झाँ मागून घेतो, त्याला गल्लीत नेतो, दोर कापतो, हवेत बार काढतो आणि त्याला सोडून देतो. त्याच्या हाती झेंडा नाही, आणि हे कृत्य बॅरिकेडवरच्या कोणी पाहिलेलेही नाही.

तेव्हा मित्रहो, कादंबरीतल्या क्रांतिकारकावर खुशाल प्रेम करा. अन्याय पाहून पेटून उठणारे मन ते आपल्याला देतात, आणि हे देणे लहान नाही. पण डोळे मिटून त्यांना वंदन करू नका. हा कोणासाठी लढतो? किंमत कोण मोजतो? शत्रूत त्याला माणूस दिसतो का? हे तीन प्रश्न विचारा, आणि मगच हात जोडा.

शब्दार्थ
पटकी – कॉलरा
बॅरिकेड – रस्त्यात रचलेला लढाऊ अडसर
प्रजासत्ताक – राजा नसलेले, लोकांचे राज्य
दरवान – दारावरचा राखणदार
उमराव – सरदार, जहागीरदार
वसाहतवाले – परक्या भूमीवर येऊन मळे व मालमत्ता करणारे लोक

स्वाध्याय
१. आंझोलरासने आपल्याच बाजूच्या माणसाला शिक्षा का केली?
२. मादाम दफार्जचा राग योग्य होता, पण तिचे वागणे योग्य नव्हते. हे विधान स्पष्ट करा.
३. १७९६ साली आपल्या बेटावर काय घडले? त्याचा या पाठाशी काय संबंध आहे?
४. तुमच्या मते बॅरिकेडवरचा खरा वीर कोण, आंझोलरास की झाँ वाल्झाँ? दहा ओळींत लिहा.
५. तुम्हाला आवडणारे कथेतले किंवा चित्रपटातले एक बंडखोर पात्र घ्या. पाठातले तीन प्रश्न त्याला लावून पाहा आणि वर्गात चर्चा करा.