अंदमानात भाड्याचे घर

अंदमान हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. पूर्वी लोक त्याला काळे पाणी म्हणत. इंग्रज सरकार जन्मठेपेच्या कैद्यांना तिकडे धाडी. सावरकरांना १९११ साली तिथल्या तुरुंगात नेले. आता माणसे तिकडे आपल्या खुशीने जातात. कुणाची बदली होते. कुणाला बांधकामावर काम मिळते, कुणाला हॉटेलात.

काम मिळाले, पण राहायचे कुठे? मुंबईहून नाशिकला गेलो आणि घर पटले नाही, तर रात्रीच्या गाडीने परत येता येते. अंदमानाहून तसे येता येत नाही. चेन्नईहून आगबोटीला सुमारे तीन दिवस लागतात, आणि ती रोज सुटत नाही. विमान लवकर पोचवते, पण पाच माणसांची तिकिटे काढायची म्हणजे खिसा रिकामा. म्हणून आधी एकट्याने जावे, आठ-पंधरा दिवस लॉजमध्ये राहावे, घर पाहावे आणि मग बिऱ्हाड हलवावे. डिसेंबरात तिथे प्रवाशांची गर्दी असते. लॉज महाग पडते. तो महिना टाळलेला बरा.

बेटांचे मुख्य गाव पोर्ट ब्लेअर. २०२४ साली सरकारने त्याचे नाव श्री विजयपुरम असे ठेवले. जुन्या पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी पहिलेच नाव आढळते. कागदावर दोन्हींपैकी कोणतेही दिसले तरी गोंधळू नये, गाव एकच. बोलण्यात हिंदी चालते. बंगाली, तमिळ, तेलुगू लोक पुष्कळ आहेत, पण सगळे एकमेकांशी हिंदीत बोलतात. तिथे कुणी "घर खाली है" म्हणाले, तर घर रिकामे आहे असे समजावे. ते तळमजल्यावर आहे असे नव्हे!

आणखी एक गंमत ध्यानात ठेवा. अंदमान आपल्या फार पूर्वेला आहे. सूर्य तिथे मुंबईपेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि आधीच मावळतो. घड्याळ मात्र साऱ्या देशाचे एकच. हिवाळ्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास दिवस बुडतो. तेव्हा घर पाहायला सकाळी निघावे. दिव्याच्या उजेडात भिंतीची ओल दिसत नाही.

आता एका घरातली गोष्ट ऐका. एका वायरमनला तिकडे काम मिळाले. घरी बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. २०२० साली चेन्नईहून समुद्रातून फोनची तार अंदमानला नेली, तेव्हापासून फोनवर चित्रेसुद्धा चांगली दिसतात. याला एका दलालाने घराचे फोटो पाठवले. रंगवलेल्या भिंती, मागे निळा समुद्र! दलाल म्हणाला, "आज दहा हजार पाठवा, नाहीतर घर दुसऱ्याला जाईल." पैसे पाठवायच्या आधी भाच्याने मामांना विचारले. मामा पूर्वी आगबोटीवर खलाशी होते, अंदमानात त्यांनी बरीच वर्षे काढलेली.

"मामा, घर झकास आहे. पाठवू का पैसे?"

"अरे, पायऱ्या किती आहेत?"

"पायऱ्या? ते काही विचारलं नाही."

"सगळं गाव टेकड्यांवर वसलंय. समुद्र दिसतो म्हणजे घर उंचावर असणार. तुझी आई गुडघे धरून चालते. साठ पायऱ्या चढून ती रोज भाजी आणील काय?"

भाचा गप्प झाला. तेवढ्यात बायको म्हणाली, "मामा, पाण्याचं काय? फोटोत नळ दिसतोय, पण पाणी कुठं दिसतंय?"

मामा हसले. "सूनबाई, तुझा प्रश्न लाखाचा. त्या दहा हजारांत याचं जायचं-यायचं भाडं निघेल. आधी जाऊन बघून ये म्हणावं."

सूनबाईंचा प्रश्न खरोखरच पहिला आहे. अंदमानात पाऊस पुण्याच्या चौपट पडतो, वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर. मे महिन्यापासून डिसेंबरपर्यंत पावसाचे दिवस. तरी जानेवारी ते एप्रिल पाण्याची ओढ लागते. बेट लहान, उतार मोठे. पडलेले पाणी थांबत नाही, समुद्राला मिळते. शहराला मुख्यतः धनीखाडीच्या धरणातून पाणी मिळते. धरण आटू लागले की नळ एक-दोन दिवसांआड येतो, एखाद्या वर्षी त्याहूनही उशिरा.

म्हणून घरमालकाला विचारावे: मार्चमध्ये पाणी किती दिवसांनी येते? टाकी केवढी? ती आपली एकट्याची की सर्व भाडेकरूंची? विहीर आहे काय? मग हिशेब करावा. एका माणसाला रोज ७० लिटर धरले, तर पाच माणसांना ३५० लिटर लागतील. पाणी दर तिसऱ्या दिवशी येत असेल, तर १०५० लिटर साठवायला हवे. टाकी ५०० लिटरची असेल, तर उरलेले पाणी डोक्यावरून आणावे लागेल. ते कोण आणणार हे घरातल्या बायकांना सांगावे लागत नाही. घरमालकाचे उत्तर ऐकावे, पण शेजारणीलाही विचारावे. ती खरे सांगते.

आता भिंती आणि छप्पर. पुष्कळ जुनी घरे लाकडी, वर पत्रा. दुपारी पत्रा तापतो, रात्री पावसाचा आवाज होतो. पण त्याला हलके समजू नका. हा भाग भूकंपाच्या दृष्टीने देशातल्या सर्वांत धोक्याच्या भागांपैकी आहे, आणि भूकंपात हलके छप्पर कमी घात करते. नवी घरे सिमेंटची. ती पाहताना नजर वर ठेवावी. स्लॅबचे पोपडे पडलेत काय? आतला गज लाल दिसतो काय? बांधकामात खारी वाळू गेली, की आतले लोखंड गंजते, फुगते आणि सिमेंट फोडते. वरून चुना दिला तरी हा रोग जात नाही. उतारावरचे घर खांबांवर उभे असते. घरात शिरण्याआधी खाली वाकून ते खांबही पाहावेत.

समुद्राच्या अगदी काठचे घर स्वस्त मिळाले तरी विचार करावा. २६ डिसेंबर २००४ रोजी मोठा भूकंप झाला आणि समुद्र आत आला. त्या दिवशी गावाच्या आसपासची जमीनच सुमारे एक मीटर खचली. सिप्पीघाटची भातशेती पाण्याखाली गेली, आणि ते खारे पाणी मागे हटले नाही. घराजवळ उंच जागा कुठली, तिथे लेकरांना घेऊन किती मिनिटांत पोचता येईल, हे एकदा चालून पाहावे.

गावातले भाग थोडक्यात सांगतो. अबर्डीन बाजार हा मधला भाग. मोठे सरकारी रुग्णालय जुन्या तुरुंगाच्या शेजारी आहे. घरात आजारी माणूस असेल, तर जवळपास थोडे जास्त भाडे देणे परवडते. गाराचर्मा, प्रोथरापूर हे भाग दूर, तिथे बसने ये-जा करावी लागते. बांबूफ्लॅट खाडीपलीकडे आहे. चॅथमहून बोटीने जावे लागते. भाडे कमी, पण वादळवाऱ्यात बोट बंद राहते हे नोकरदाराने विसरू नये. मुलांच्या शाळेची चौकशी त्याच फेरीत करावी. मराठी शाळा मिळणार नाही, बहुधा हिंदी किंवा इंग्रजी शाळेत घालावे लागेल.

घर आवडले. पैसे द्यायचे का? थांबा. भाडे घेणारा माणूस मालकच आहे काय? घरपट्टीची पावती आणि वीजबिल पाहावे. दोन्हींवर नाव कुणाचे आहे ते स्वतः वाचावे. कुणी आपले सरकारी क्वार्टर पोटभाड्याने देऊ करील. ते घेऊ नये. तपासणी आली, की सामान रस्त्यावर येते आणि तक्रार करायला तोंड राहत नाही.

करार लेखी करावा. तो इंग्रजीत असेल, तर जाणत्याकडून ओळ न् ओळ समजून घ्यावा आणि मगच सही करावी. भाडे किती, अनामत किती, ती कधी परत मिळणार, पाणी-वीज कुणाकडे, घर सोडताना किती दिवस आधी सांगायचे, हे त्यात हवे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यात म्हटले आहे, की राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावी. समजा भाडे ८००० रुपये आहे. तर अनामत १६००० च्या वर कुणी मागितल्यास का म्हणून विचारावे. २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने या बेटांसाठी भाड्याचा वेगळा नियमही मंजूर केला. कराराची खबर कुठे द्यायची ते तहसील कचेरीत विचारून घ्यावे. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची असेल तर तीही द्यावी.

पैसे देताना पावती घ्यावी. पावती अशी असते:

"श्री. ........ यांजकडून ........ येथील घराच्या अनामतीबद्दल रुपये १६००० (अक्षरी सोळा हजार) मिळाले. घर सोडतेवेळी ही रक्कम परत करीन. तारीख ........ सही ........ साक्षीदार ........"

अक्षरी रक्कम आहे ना ते पाहा. आकड्यावर एक शून्य वाढवणे सोपे असते.

किल्ली हाती आली, की विजेच्या मीटरवरचा आकडा वहीत टिपावा आणि त्याखाली मालकाची सही घ्यावी. मग घरी कळवावे आणि तिकिटे काढायला सांगावे. लोखंडी कपाट नेऊ नका. खाऱ्या वाऱ्याने ते लवकर गंजते. झाकणाचे डबे मात्र जितके असतील तितके न्या. तिकडच्या दमट हवेत पीठ आणि डाळी उघड्या राहत नाहीत. आगबोटीवर तीन दिवस आईला पांघरूण हवे, ते गाठोड्यात सगळ्यांत वर बांधा.