पाळी गेल्यावर

४५ ते ५० च्या सुमारास बाईची पाळी जाते. 'सुटले एकदाची!' असे बाया म्हणतात. आम्ही म्हणतो, खरेच आहे ते. हा काही रोग नव्हे. अंडाशयात तयार होणारे हार्मोन कमी पडते, एवढेच. पण मग एकाएकी अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, रात्री डोळा लागत नाही. हाडेही आतून विरळ होतात. पाय घसरायचे निमित्त, की मनगट नाहीतर खुबा मोडतो.

हे हार्मोन गोळ्यांतून देता येते. २००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत दिसले, की एका प्रकारच्या गोळीने स्तनाचा कॅन्सर आणि रक्ताच्या गुठळ्या थोड्या वाढतात. पुष्कळ बायांनी भिऊन गोळ्या सोडल्या. पुढे उमगले, की त्रास फार असेल आणि साठीच्या आत गोळ्या सुरू केल्या, तर बहुतेकींना फायदाच जास्त. मात्र स्तनाचा कॅन्सर झालेल्या बाईला त्या सहसा देत नाहीत. तेव्हा शेजारणीची गोळी आपण घेऊ नये. डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक. पाळी जाऊन वर्ष झाले आणि पुन्हा अंगावरून रक्त गेले, तर 'उष्णता झाली' म्हणून घरी बसू नका. थेंबभर असले तरी दवाखाना गाठा. कारण बहुधा साधेच निघते. पण गर्भाशयाच्या कॅन्सरची ती पहिली खूण असू शकते, आणि लवकर कळला तर तो पुष्कळदा बरा होतो.