नर्सिंगच्या प्रवेशासाठी जीवशास्त्र : सुरुवात बकऱ्याच्या हृदयापासून



सातारा-सांगली भागात नर्सिंग म्हटले की जुन्या मंडळींना मिरज आठवते. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तिथे रुग्णालय उघडले, आणि तिथे शिकलेली एखादी आजी किंवा मावशी आपल्यापैकी अनेकांच्या नात्यात असेल. आज बी.एस्सी. नर्सिंगला जायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, शिवाय राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आपण ज्या कातकरी आणि भिल्ल मुलींच्या शिक्षणाला हातभार लावतो, त्या बहुधा जीवशास्त्रातच अडतात. मुली हुशार असतात. पण दहावीपर्यंत सगळे मराठीत शिकून अकरावीला त्यांच्या हातात एकदम इंग्रजी पुस्तक येते. मग त्या अर्थ न कळता पाठ करतात, आणि प्रश्न थोडा फिरवून आला की गोंधळतात.

वसतिगृहात शनिवारी अभ्यास घेताना मला उपयोगी पडलेली पद्धत सांगतो. आपल्या गावी अशी एखादी मुलगी असेल तर करून पाहा.

खाटकाकडून बकऱ्याचे एक हृदय आणा. त्याला आपल्यासारखेच चार कप्पे असतात. ते उभे कापा आणि मुलीला खालच्या दोन्ही कप्प्यांच्या भिंती बोटांनी दाबून पाहू द्या. डाव्या बाजूची भिंत चांगलीच जाड लागते. का? उजवा कप्पा रक्त फक्त शेजारच्या फुप्फुसात ढकलतो, डाव्याला ते थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचे असते. हे एकदा हाताला कळले की परीक्षेतला नेहमीचा फसवा प्रश्न सोपा होतो : कोणती धमनी अशुद्ध रक्त नेते? धमनी म्हणजे शुद्ध रक्त, असे पाठ केलेली मुलगी इथे चुकते. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शिरा, एवढेच धरून ठेवले तर फुप्फुसाकडे जाणारी धमनी अशुद्ध रक्त नेते हे तिचे तिलाच सुचते.

शब्दांसाठी एक वही करावी. इंग्रजी नावे तुकड्यांनी बनतात. 'हिपॅटो' म्हणजे यकृताचे, 'नेफ्रो' मूत्रपिंडाचे, 'कार्डिओ' हृदयाचे, आणि शेवटी 'आयटिस' आले की दाह. असे चाळीस-पन्नास तुकडे कळले की अनोळखी शब्दाची भीती जाते.

आता रक्ताकडे येऊ, कारण हा धडा आपल्या मुलींच्या घरापर्यंत जातो. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तिच्यातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहते. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. बदल एवढाच, पण पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक केशवाहिन्यांत अडकते आणि लवकर मरते. म्हणून अंगदुखी, म्हणून रक्त कमी. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा आणि विदर्भातल्या गोंड समाजात हा आजार आढळतो. तपासणी व्हावी म्हणून केंद्र सरकारने २०२३ साली राष्ट्रीय अभियानही सुरू केले आहे.

वहीवर चार घरांचा चौकोन काढा. आई वाहक, वडील वाहक, म्हणजे दोघांकडे एक चांगले जनुक 'ए' आणि एक सिकलचे 'एस'. घरे भरली की एक एए, दोन एएस आणि एक एसएस असे येते. इथे जवळजवळ प्रत्येक मुलगी म्हणते, "म्हणजे चार मुलांतले एक आजारी." नाही. प्रत्येक गरोदरपणात शक्यता चारात एक, दरवेळी नव्याने. दोन नाणी दहा वेळा उडवून दाखवा, मग पटते.

एकदा हा चौकोन काढून झाल्यावर सातपुड्यातली एक मुलगी बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सर, माझा भाऊ गेला तेव्हा सगळे म्हणाले, कुणीतरी करणी केली." तिला मी लगेच काही बोललो नाही. त्याला हाच आजार होता की दुसरा, हे मला ठाऊक नव्हते. पुढच्या आठवड्यात तिने सरकारी दवाखान्यात स्वतःचे रक्त तपासून घेतले आणि धाकट्या बहिणीलाही न्यायचे ठरवले. तो धडा तिला पुन्हा वाचावा लागला नाही.

वनस्पतिशास्त्र मुली सोडून देतात, "नर्सला झाडे कशाला?" म्हणून. सोडू देऊ नका. प्रकाशसंश्लेषणाचा प्रश्नही तेवढ्याच गुणांचा असतो, आणि रानात वाढलेल्या मुलीला तो परका नाही.

मंडळीतल्या ज्यांना शिकवता येत नाही त्यांनी रोज अर्धा तास समोर बसून ऐकावे. तिने धडा मराठीत सांगायचा आणि नावे इंग्रजीत घ्यायची. तुम्हाला कळला नाही तर तिलाही पुरता कळलेला नाही असे समजा आणि पुन्हा विचारा. आणखी एक, अभ्यासाबाहेरचे : राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. वीटभट्टीवर फिरणाऱ्या कातकरी कुटुंबांकडे जुने कागद क्वचितच असतात, म्हणून ती धावपळ अकरावीतच सुरू करावी.