चुलीचा धूर घरांत कां कोंडतो ?

गेल्या श्रावणांत कोंकणांत मावशीच्या घरीं जाण्याचा योग आला. स्वयंपाकघरांतील चूल विटांची, तीस पत्र्याचें धुरांडें जोडलेलें व तें कौलांतून बाहेर काढलेलें. असें असतांही घरांत पाऊल टाकतांच धुराचा उग्र वास येई, आणि पहांटे चूल पेटवितांना मावशीचे डोळे पाण्यानें भरून जात. घरची मंडळी सारा दोष धुरांड्यासच देत. आम्हीं तीन दिवस कारणाचा शोध केला. त्याची हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें वाटून येथें देत आहें.

प्रथम धूर वर कां जातो, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. त्याला तप्त हवा वर नेते. २७ अंश सेंटिग्रेड उष्णमानाची हवा ३२७ अंशांपर्यंत तापविली, तर चार्ल्सच्या नियमाप्रमाणें तिचें आकारमान दुप्पट व घनता निम्मी होते. अशा हलक्या हवेचा स्तंभ धुरांड्यांत उभा राहिला कीं बाहेरची जड हवा त्यास खालून वर लोटते. स्तंभ जितका उंच व जितका ऊन, तितकी ओढ अधिक. परंतु धुरांड्यावाटे जी हवा बाहेर जाते, तिची जागा भरावयास बाहेरून हवा घरांत आली पाहिजे, हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

मावशीकडे नेमकें येथेंच अडलें होतें. पावसाचा झोत लागूं नये म्हणून खिडक्यांवर झांवळ्यांचे पडदे घट्ट बांधलेले, दारें लोटलेलीं. चूल पेटलेली असतां तिच्या तोंडाशीं उदबत्ती धरली, तों उदबत्तीचा धूर उलट आमच्याच तोंडावर आला. मागील दार चार बोटें उघडतांच तो आंत वळला ! मावशीच्या नातवास ही मौज इतकी आवडली कीं त्यानें दार उघडतां-मिटतां सारी उदबत्ती संपविली.

पहांटेचा धूर मात्र राहिलाच. रात्रभर निवालेल्या धुरांड्यांतील थंड हवा बुचासारखी बसते. म्हणून धुरांड्याच्या तळाशीं आधीं मूठभर वाळला पेंढा जाळून तें ऊन करावें, मग सरपण लावावें.

सरपण तर ओलेंच होतें. नुकत्याच तोडलेल्या लांकडाचें जवळजवळ निम्में वजन पाण्याचें असूं शकतें. आणि उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ करण्यास सुमारें ५४० कॅलरी उष्णता खर्च होते. जाळ मंदावतो, धूर थंड राहतो व धुरांड्याच्या आंत डांबरासारखा थर धरतो. पावसाळी दमट हवेंत त्या थराला वास सुटतो, मग चूल विझलेली कां असेना ! हा थर पेटून आगही लागते. चूल निवाल्यावर आम्हीं धुरांडें उतरवून खरवडलें, तेव्हां घमेलेंभर काजळी निघाली. त्याचें तोंडही आढ्याखालीं होतें. वारा छपरावरून उलटून त्यांत शिरे. एक नळी जोडून तें उंच केलें.

या साऱ्यापेक्षां महत्त्वाची गोष्ट निराळीच निघाली. मावशीची मुलगी बाळंतपणास आलेली होती. तिच्या बंद खोलींत रात्रभर निखाऱ्यांची शेगडी असे. निखाऱ्यांस धूर नाहीं, म्हणून भयही नाहीं, असा सर्वांचा समज. परंतु निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील हीमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटीनें घट्ट चिकटतो. डोकें दुखणें, घेरी येणें, मळमळणें हीं त्याचीं लक्षणें. तीं दिसतांच माणसास उघड्या हवेंत आणून वैद्यकीय मदत मिळविली पाहिजे. सकाळीं डोकें जड होतें असें ती बाळंतीण आठ दिवस सांगत होती. घरच्यांनीं तें जागरणावर घातलें होतें. तिला व बाळास तत्काळ मोकळ्या हवेंत आणलें आणि गांवच्या डॉक्टरांकडून तपासून घेतलें. सुदैवानें दोघेंही सुखरूप होतीं.

शेगडी त्या खोलींत पुन्हां न्यावयाची नाहीं, हें मावशीनें त्याच दिवशीं कबूल केलें. मागील दार उघडें ठेवण्यास मात्र ती मांजराच्या भयानें अद्याप राजी नाहीं. म्हणून दाराखालीं जाळी बसविण्याचें ठरलें आहे.